पोळ्याच्या दिवशीची सुई

तिसऱ्या खेपेलाही तेच. वैदेहीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा ओढणीला पुसला आणि पुन्हा डोळे लावले. चष्मा पुसून निकाल बदलत असते, तर दहावीला कुणी नापास झालंच नसतं.

काचेवर गायीची नऊ अंडी होती. एकेक इतकं लहान, की सुईच्या टोकावर मावावं. प्रत्येकाभोवती काचेच्या बांगडीसारखं जाड, आरपार दिसणारं कवच. पुस्तकात त्याला झोना पेल्युसिडा म्हणतात, प्रयोगशाळेत नुसतं झोना. त्या कवचाला बाहेरून शुक्राणू चिकटले होते, कुठं पन्नास, कुठं सत्तर. आत मात्र एकही नाही. वऱ्हाड सगळं कार्यालयाच्या फाटकाशी आलंय, बँड वाजतोय आणि फाटकाला आतून कडी, असा प्रकार.

आता वैदेही कोण, तर पुंडलिकनगरातल्या एका टू-बीएचकेची सून, आठ महिन्यांच्या सईची आई आणि पशुवैद्यकी शिकून शहराबाहेरच्या एका गर्भ-प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली. तिथलं काम असं, की चांगल्या देशी गायीची अंडी काढायची, एक रात्र ऊबदार पेटीत पिकू द्यायची, वळूच्या गोठवलेल्या रेताच्या कांडीतल्या शुक्राणूंशी गाठ घालून द्यायची आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या धडधाकट गायीच्या पोटात ठेवायचा. बाळंतपणाच्या रजेआधी वैदेहीच्या हातची दहातली सहा अंडी फळायची. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर परतली, आणि तेव्हापासून एकही नाही.

"हात जड झाले असतील," असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. प्रमुख संध्यामॅडम तर फार गोड बोलल्या. "अगं, लेकरू लहान आहे, रात्रीची झोप नाही. चंद्रीची पुढची खेप बघू. नाहीच जमलं तर काही दिवस नोंदींचं काम घे. ही शिक्षा नाही हं."

शिक्षा नाही हे मुद्दाम सांगावं लागतं, तेव्हा माणसानं काय ते समजायचं.

शिवाय चंद्रीची पुढची खेप म्हणजे शेवटचीच. गंगापूरच्या बद्रीनाथची ही देवणी गाय चौदा वर्षांची. तीन वेतं झाली, तिन्ही गोऱ्हे, आणि तिसऱ्याला गर्भाची पिशवी बिघडली. दुधाला, पायाला, स्वभावाला अशी गाय पंचक्रोशीत नाही. म्हाताऱ्या जनावराला आता आणखी ताण नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकदाच अंडी काढू आणि थांबू, असं ठरलं होतं. तेव्हा फळलं तर फळलं. नाहीतर चंद्रीचा वेल संपला.

वैदेहीनं घरी फोन लावला. सकाळपासूनचा पाचवा.

"आई, सईनं शी केली का?"

"केली," सासूबाई म्हणाल्या. "रंग सांगू, का फोटो पाठवू?"

"पातळ नव्हती ना?"

"वैदेही, मी चिन्मयला वाढवलंय. तो अजून जिवंत आहे. तू तुझी अंडी बघ."

वैदेही अंडी बघायला लागली. तिचं हे असंच होतं. आई झाल्यापासून तिला काहीच नुसतं दिसत नसे, प्रत्येक गोष्ट ती तपासून बघायची. दुधाचा वास, कपाळाची ऊब, झोपेतल्या श्वासाची लय. घरी त्याला वेड म्हणायचे. इथं मात्र ते कामाला आलं.

कांडीत दोष असावा म्हणावं, तर त्याच वळूच्या कांडीनं गंगापूर तालुक्यात चार गायी गाभण राहिल्या होत्या. शुक्राणू थेंबात उड्या मारत होते. कवचापर्यंत पोचत होते, आपल्याच जातीचं कवच म्हणून ओळखून चिकटतही होते. म्हणजे पाहुण्यांकडून सगळं रीतीनं झालं होतं. एरवी यापुढं शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी उकलते आणि शेपटीच्या फटक्यांनी तो कवचातून तिरपी वाट काढत आत घुसतो. पहिला आत गेला रे गेला, की अंडं आपल्या कडेच्या बारीक पिशव्या फोडतं आणि त्यातल्या रसानं कवच टणक होऊन मिटतं. दुसऱ्याला प्रवेश नाही. दोन शिरले तर गर्भ टिकत नाही, म्हणून ही सोय.

पण इथं एकही शिरला नव्हता.

मग वैदेहीच्या मनात आलं, की कवच आधीच मिटलं असेल तर?

कवच विरघळवणारं एक एन्झाइम कपाटात होतं. तिनं त्याचा थेंब अंड्यांवर सोडला आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. गेल्या वर्षीच्या तिच्या वहीत, न फळलेल्या अंड्यांचं कवच चार मिनिटांत विरघळल्याची नोंद होती. आज चार गेली, सहा गेली, आठ गेली. अकराव्या मिनिटाला पहिलं कवच जेमतेम पातळ झालं.

"सापडलं!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की बाहेर झाडणाऱ्या सत्यभामाबाईंनी विचारलं, "काय वं म्याडम, उंदीर?"

अंडं पेटीत पिकत असतं, तेव्हा त्या पिशव्या थोड्याथोड्या झिरपतात आणि कवच वेळेआधीच टणक व्हायला लागतं. ते रोखायला खाद्यात, म्हणजे अंडी ज्या द्रवात पिकतात त्यात, सिरम घालतात. रक्ताची गुठळी झाल्यावर वर राहतं ते मधासारखं पिवळं पाणी. त्यातलं एक प्रथिन त्या रसाला आवरून धरतं. सिरम नसेल तर पाहुणे यायच्या आत कडी लागते. म्हणजे खाद्यात सिरम पडत नव्हतं. आणि खाद्य करायचे अनंतराव.

तिनं फ्रीझर उघडला. सिरमचा कप्पा रिकामा. बाजूच्या ओट्यावर, स्टँडमध्ये, चाळीस छोट्या कुप्या स्वच्छ धुऊन उलट्या वाळत घातलेल्या. एका खेपेला एक कुपी लागते. खेपा झाल्या होत्या तीन.

अनंतराव शेजारच्या खोलीत काचसामान पुसत होते. वय अठ्ठावन्न, कपाळावर गंधाची बारीक रेघ, वीस वर्षांत एक दिवस उशीर नाही. वैदेहीला सातव्या महिन्यात उभं राहवत नव्हतं, तेव्हा स्वतःची खुर्ची देऊन स्वतः स्टुलावर बसणारा हा माणूस.

"काका, सिरमच्या कुप्या धुतल्यात तुम्ही."

"हो. डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा."

"चाळीसच्या चाळीस?"

अनंतरावांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "चाळीस."

"त्यातलं सिरम?"

"गोदावरीत सोडलं."

वैदेहीनं स्टूल ओढलं आणि बसली.

"तुम्हीच सांगितलं होतं, ताई," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही रजेवरून आलात त्या दिवशी. मी चहा पिताना विचारलं, हे परदेशातून येतं ते मधासारखं पाणी काय असतं हो?"

तिला आठवलं. सात महिने घरात तोंडानं फुगे काढणाऱ्या बाळाशी बोलून ती बोलायला भुकेली झाली होती. मोबाइलवर सईचा व्हिडिओ बघत ती हसत म्हणाली होती, "अहो काका, ते न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं पाणी!" अनंतरावांनी कप खाली ठेवला होता, तो तिला दिसलाच नाही. इतकी टेहळणी करणारी बाई, पण त्या क्षणी तिचं लक्ष सईच्या हिरड्यांवर होतं.

"आमचं घराणं कायगावचं," अनंतराव सांगत होते. "वडिलांनी अख्खी हयात घाटावर लोकांच्या पितरांना पाणी सोडलं. मी ते सोडून नोकरी धरली. पण चातुर्मासात आमच्या घरात कांदासुद्धा शिरत नाही, आणि मी इथं वीस वर्षं हे हातानं मोजून घालतोय! झोप लागेना. त्या रविवारी कायगावला गेलो. तीळ घातले, मंत्र म्हटले. ज्यांना आईचं पोटही पुरतं मिळालं नाही, त्यांना पाणी तरी मिळावं."

"आणि कुप्या परत आणल्या."

"नदीत प्लास्टिक कसं टाकायचं?"

वैदेहीला हसावं की रडावं कळेना. तिनं हसायचं दाबलं, तर नाकातून विचित्र आवाज आला.

"मला वाटलं, पोळीवर तुपाचा गोळा असतो तसं असेल ते. नसलं तरी पोळी होतेच की," अनंतराव म्हणाले. "काही बिघडलं का?"

तिनं सगळं सांगितलं. कवच, पिशव्या, कडी. त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे दार मी लावलं," ते हळूच म्हणाले, "आणि बोल तुम्ही खाल्लेत. मी आत्ताच मॅडमना सांगतो."

"मॅडम सोमवारपर्यंत पुण्याला आहेत. चंद्रीची अंडी परवा निघणार. नवीन सिरम मागवलं तर तीन आठवडे." वैदेही उठून येरझारा घालायला लागली. रात्री सईला खांद्यावर घेऊन घालायची तशाच. "काका, एक जुनी रीत आहे. आमचे कॉलेजातले सर वापरायचे. माजावर आलेल्या गायीचं थोडं रक्त काढायचं, गोठू द्यायचं, वरचं पाणी घेऊन छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवायचं. ते सिरम चालतं."

"कुणाचा जीव जात नाही?"

"गायीला एक सुई. सईच्या वेळी मला नऊ टोचल्या, मी आहे ना जिवंत?"

अनंतरावांनी फडकं पुन्हा उचललं. "मग मी येतो बरोबर. सामान मी उचलीन."

बद्रीनाथला फोन लावला. पलीकडून ट्रॅक्टर, कोंबडा आणि बद्रीनाथ असे तिघं एकदम बोलले. "माजावर? आवं म्याडम, चंद्रीची भाची हाय ना बिजली, ती सकाळपासनं नुसती हंबरायलीय! या की उद्या. पोळाच हाय, जेवायलाच या."

घरी सासूबाई म्हणाल्या, "उद्या पिठोरी आहे. लेकरासाठी पूजा असते, आणि तू रक्त काढायला चाललीस?"

"संध्याकाळच्या आत येते, आई."

"ये. आणि दहा फोन करू नकोस. पाच कर."

दुसऱ्या दिवशी शेअर जीपमध्ये वैदेहीच्या मांडीवर बर्फाची पेटी होती आणि अनंतरावांच्या मांडीवर निर्जंतुक बाटल्यांचा डबा. गंगापूर यायच्या आत वैदेहीनं तीन फोन संपवले. वाड्यावस्त्यांवर बैल धुऊन, शिंगं रंगवून उभे होते. बद्रीनाथच्या गोठ्यात चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती आणि बैलांसोबत गायींच्याही गळ्यात नव्या घागरमाळा होत्या. चंद्री एका कोपऱ्यात रवंथ करत सगळ्यांकडे आत्याबाईसारखी बघत होती.

वैदेहीनं पेटीतून सुई काढली, आणि गोठ्याच्या दारात एक काठी आडवी आली. काठीमागं बद्रीनाथची आई, वच्छलाबाई.

"ही काय सुई हाय?"

"आजी, बिजलीचं थोडं रक्त..."

"आज? पोळ्याच्या दिशी?" म्हातारीनं लेकाकडं बघितलं. "बद्री, काल सांजच्याला हळद-लोणी लावून जनावरायला आवतन दिलं का नाय तू? आज आवतन घ्या, उद्या जेवाया या म्हणून? आन जेवाया बोलावलेल्या पाव्हण्याला कुणी सुई टोचतं व्हय?"

बद्रीनाथ टोपी फिरवायला लागला. "माय, म्याडम शिकलेल्या हायेत..."

"असतील. मी आवतन दिलेली हाय." मग तिची नजर अनंतरावांच्या गंधावर गेली. "तुमी बामण दिसताव. तुमीच सांगा. चालतं का हे?"

वैदेहीनं अनंतरावांकडं बघितलं. 'चालतं' एवढा एक शब्द ते म्हणाले असते तर काम झालं असतं. शास्त्राचा आधार त्यांना सहज काढता आला असता, बापजाद्यांनी तेच केलं होतं.

अनंतराव चपला काढून गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. "मावशी, चालतं का नाही हे सांगायचा मला अधिकार नाही. माझ्यामुळंच ही वेळ आलीय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सिरम, चातुर्मास, कायगावचा घाट, तीळ, धुतलेल्या कुप्या. "चंद्रीची मागची अंडी वाया गेली, ती या ताईंच्या हातानं नाही. माझ्या हातानं. आता उद्या शेवटची अंडी काढायचीत. हे पाणी मिळालं नाही तर उद्याचीही जातील."

बद्रीनाथचं तोंड उघडंच राहिलं. वैदेहीनं मनात आकडे मोजले, जसं ती सई रडून दम धरायची तेव्हा मोजायची. एक, दोन, तीन, चार...

वच्छलाबाईच्या काठीला कंप सुटला. मग खांद्याला. मग म्हातारी हसायला लागली ती पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईतो. "आरं द्येवा! मेल्याव पाणी सोडत्यात हे ठावं हाय. तुमी तर लेकरू पोटात यायच्या आंदीच पाणी सोडलंव!"

अनंतरावांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा हसू आलं. ओशाळं, पण हसूच.

"पर खोटं नाय बोलला, म्हाराज." वच्छलाबाईनं काठी बाजूला घेतली. "बद्री, निवद आण आंदी. पाव्हणं जेवलं, की मंग पाव्हण्याला काय मागायचं ते मागावं. उपाशीपोटी नाय."

बिजलीला पाच पुरणपोळ्या मिळाल्या. पाचवी तिनं वच्छलाबाईच्या हातातून पदरासकट ओढली. मग म्हातारीनं स्वतःच तिची मान धरली, कानात काहीबाही बोलत राहिली आणि वैदेहीनं मानेची शीर चाचपली. तिचे हात जड नव्हते. सुई एका दमात बसली. बाटलीत पावशेर रक्त उतरलं तोवर बिजली तोंडातलं पुरण चघळत होती.

"एवढंच?" वच्छलाबाई म्हणाली. "मला वाटलं घागर भरता का काय. पोरी, तुला लेकरू हाय?"

"आहे, आजी. आठ महिन्यांची."

"तरीच सारखी फोनाकडं बगायलीस. कर एक, मी धरते बाटली."

पुढचं सगळं शिस्तीत झालं. संध्याकाळी पिठोरीची पूजा करताना तिचं अर्धं ध्यान प्रयोगशाळेत गोठणाऱ्या बाटलीपाशी होतं. सिरम मधाच्या रंगाचं निघालं. दुसऱ्या दिवशी चंद्रीची अकरा अंडी मिळाली. म्हाताऱ्या गायीच्या मानानं अकरा म्हणजे दिवाळीच. खाद्य अनंतरावांनी केलं, सिरम त्यांनीच मोजून घातलं आणि प्रत्येक थेंबाला ओठ हलवले. वैदेहीनं विचारलं नाही. रविवारी कांडी वितळवली आणि शुक्राणू अंड्यांशी सोडले. मग उरलं ते वाट बघणं. गायीचं अंडं आतून इतकं काळपट असतं, की शुक्राणू शिरला का नाही ते वरून दिसत नाही. दोन दिवसांनी अंडं दुभंगलं तर शिरला, एवढंच.

सोमवारी संध्यामॅडम आल्या. वैदेही अजून शब्दच जुळवत होती, तर अनंतराव तिच्या आधी केबिनमध्ये शिरलेही होते. आतून मॅडमचा आवाज आला तो अख्ख्या इमारतीनं ऐकला. "अनंतराव, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं, मग तर्पण करायचं!" आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या पट्टीत, "आणि गायीच्या सिरमची ती रीत मला कागदावर लिहून द्या. बघू उद्या काय होतं."

मंगळवारी पहाटे सईला पहिला दात फुटला आणि त्या दातानं तिनं आईला चावलंसुद्धा. वैदेही तशीच धावतपळत स्कूटीवर निघाली. हात धुतले, पेटी उघडली, ताटली काचेवर ठेवली. मागं मॅडम, त्यांच्यामागं अनंतराव.

पहिलं अंडं. गोल, एकसंध. दुसरं, तेच. तिसरं...

तिसऱ्याच्या कवचात दोन गोल गाठी होत्या. शेजारी शेजारी, नीट, सारख्या. वैदेहीनं ताटली सरकवली. पाचवं दोन. सहावं दोन. आठव्यात तर चार.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"सहा," वैदेही म्हणाली आणि पुन्हा मोजलं, कारण ती वैदेही होती. "अकरातली सहा."

"उठ, मला बघू दे," मॅडम म्हणाल्या. बघून झाल्यावर पाठीवर एक थाप. "नोंदींचं काम मीच करते बाई. तू इथंच बस."

मग अनंतराव पुढं झाले. वीस वर्षं त्यांनी या सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसली होती, पण डोळा क्वचितच लावला होता. ते इतका वेळ बघत राहिले, की मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं.

वैदेहीनं गंगापूरला फोन लावला. बद्रीनाथ शेतात, फोन वच्छलाबाईनं उचलला.

"आजी, चंद्रीच्या अंड्यांचे दोन-दोन भाग झाले!"

"तुकडं पडलं? आरं माज्या कर्मा!"

"नाही आजी, तसंच व्हायला पाहिजे. लेकराची सुरुवात आहे ती. सहा आहेत. टिकली तर आठवड्यानं दुसऱ्या गायीच्या पोटात ठेवू."

"म्हंजी चांगलं झालं?"

"लई चांगलं."

"मंग बारीक काहून बोलायलीस? मला ऐकू येत नाय. जोरात सांग!"

प्रयोगशाळेच्या दारावर शांतता राखण्याची पाटी होती. वैदेहीनं मॅडमकडं बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, अगदी मुद्दाम.

"लई चांगलं झालं, आजी!" वैदेही ओरडली. बाहेरून सत्यभामाबाईंनी विचारलं, "म्याडम, पुन्हा उंदीर?"